खालीत पण येतंय

मला किळस फार लवकर येते. हा काही मिरवण्याचा गुण नाही, पण नागोजण्णांबद्दल लिहायचं तर हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आली ती किळसच. पुण्याहून म्हैसूरच्या एका संशोधन संस्थेत मी रुजू झालो त्या सकाळी हा माणूस प्रयोगशाळेच्या मधोमध उभा राहून एका प्लास्टिकच्या डब्यात नाक घालून वास घेत होता. डब्यात दुधाची पावडर कालवलेलं पाणी होतं. आमच्या कामात ते लागतं. ते नासलंय की नाही हे त्यांनी हुंगून ठरवलं, मग करंगळी बुडवून बोटात चोळून पाहिलं, पँटला हात पुसला आणि तोच हात माझ्यापुढे केला. मी हात मिळवला आणि नंतर बेसिनवर जाऊन तीनदा धुतला.

नागोजीराव माने हे त्यांचं पूर्ण नाव. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तो त्यांच्या नावाला कायमचा चिकटला होता आणि शिपायापासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे त्यांना नागोजण्णाच म्हणत. वय साठीला टेकलेलं, अंग काटक, केसांना भरपूर खोबरेल, शर्टाच्या खिशात विड्याच्या पानांची पुडी. पान ते इमारतीबाहेर जाऊन खात आणि आत येण्याआधी व्हरांड्यातल्या नळावर चूळ भरत. त्या गुळण्यांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा आणि हातातला जेवणाचा डबा मी बाजूला सारायचो. बावीस वर्षं ते तिथे टेक्निशियन होते. दर मार्चमध्ये त्यांचं कंत्राट एका वर्षाने वाढवलं जाई. कायम कुणी केलं नाही, आणि हात इतका चांगला की काढायची कुणाची छाती झाली नाही.

मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद बघवत नव्हता. प्रयोगशाळेत मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. ते हातातलं काम टाकून आले आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. किती पिढ्यांपूर्वी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात अजून मराठीच. "आम्ही घोड्यावर बसून आलो, सर. तुम्ही स्लीपर बसमध्ये झोपून आलात. अष्टे," असं म्हणून ते स्वतःच हसले. अष्टे म्हणजे एवढंच, हे मला पुढे कळलं.

त्यांची मराठी ऐकून मला कसंतरी व्हायचं. मी जेवलो तसं मी काम केलो, मी भांडी धुतलो, मी सांगितलो. मध्येच स्वल्प, मध्येच मत्ते, मध्येच आयतु. वाक्य मराठीत निघायचं आणि कन्नडमध्ये पोचायचं. आपल्या घरातली धुतलेली चादर दुसऱ्याच्या अंगणात चिखलात पडलेली पाहावी तसं मला वाटे, आणि मी ती उचलून झटकायला जायचो. मी काम केलं, असं म्हणा, नागोजण्णा. ते शाळकरी पोरासारखे मान हलवून म्हणत, केलं. आणि पुढच्याच वाक्यात, आलो, धुतलो, वाळवलो, ठेवलो. मी चुका मोजत असे. माणूस काय सांगतोय तिकडे माझं लक्ष नसे. ह्याचे परिणाम पुढे येतातच.

आता कामाबद्दल थोडं. आमच्या प्रयोगशाळेत बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे पाळलेले होते, त्यांच्या वासाबद्दल न बोललेलंच बरं. त्यांच्या अंड्यांत डोळा कसा घडतो ह्याचा आम्ही अभ्यास करत होतो. डोळा घडायला सुरुवात होताना एक विशिष्ट प्रथिन लागतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला हुडकणारी अँटिबॉडी परदेशातून मागवावी लागे. सशाला त्या प्रथिनाचा तुकडा टोचायचा, सशाचं रक्त त्याच्याविरुद्ध जे तयार करतं ते गाळून घ्यायचं, की झाली अँटिबॉडी. बर्फात पॅक होऊन चिमुकल्या नळीत चार थेंब यायचे. माशांचा अर्क जेलमध्ये, म्हणजे रकाने पाडलेल्या जेलीच्या थरात, घालून वीज सोडायची, तो एका पांढऱ्या पटलावर उतरवायचा, त्यावर अँटिबॉडी टाकायची. जिथे ते प्रथिन असेल तिथे पटलावर ठेवलेल्या फोटोच्या फिल्मवर काळा पट्टा उमटतो. उमटला तर प्रथिन आहे, नाही उमटला तर नाही. सगळा डोलारा ह्या पट्ट्यावर उभा असतो.

नागोजण्णा अँटिबॉडीला मद्दू म्हणत. मद्दू म्हणजे औषध. ह्या शब्दाने मेटगळ्ळीत, ते राहत त्या गल्लीत, घोटाळा केला होता. नागोजीकडे डोळ्याचं औषध आहे, फॉरेनचं, असं तिथे सर्वांना ठाऊक होतं. शेजारची एक म्हातारी मोतीबिंदूने बेजार होती, ती रोज संध्याकाळी त्यांच्या दारात येऊन दोन थेंब मागायची. हे औषध डोळ्यात घालायचं नाही, हे डोळा आहे की नाही ते सांगतं, असं ते तिला समजावत. म्हातारी म्हणे, डोळा आहे हे मलाही माहीत आहे, दिसत नाही त्याचं बोल. शेवटी नागोजण्णांनी रजा टाकली, तिला सरकारी दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करवून आणलं आणि हिरवी पट्टी बांधून घरी सोडलं. म्हातारीने गल्लीभर सांगितलं की नागोजीच्या थेंबांनी गुण आला. हे सांगताना ते इतके हसले की मला त्यांचे पानाने रंगलेले दात मोजता आले.

दसऱ्यात आयुधपूजेला मात्र मी वैतागलो. म्हैसुरात त्या दिवशी बसपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हार घालतात, हे मला कळतं. पण निर्जंतुक खोलीत कुंकू? नागोजण्णांनी सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ घातली, फ्रीजरला केळीचे खुंट बांधले, आणि दारात कुंकू भरलेला कोहळा आपटून फोडला. लाल चिखल माझ्या बुटांवर उडाला. मी नाक मुरडत आत गेलो, पिपेटवर कुंकू पाहायची तयारी ठेवूनच. पिपेटवर काही नव्हतं. त्यांनी प्रत्येक पिपेटच्या स्टँडखाली पुठ्ठा ठेवून त्या पुठ्ठ्याला कुंकू लावलं होतं. आणि अँटिबॉडीच्या पेटीला तेही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले की तिथे सशाचा जीव गेलाय, त्याला हळदकुंकू कशाला, नुसता नमस्कार पुरे. मग खरंच फ्रीजरचं दार उघडून त्यांनी हात जोडले. थंड वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली.

त्यांचा एक नियम होता, आणि तो ते कुणाच्या बापासाठीही मोडत नसत. प्रत्येक जेलमध्ये शेवटचा रकाना ते एका खास नमुन्यासाठी ठेवत. आमच्याकडे काही मासे असे होते की त्यांच्यातलं ते जनुकच काढून टाकलेलं. त्यांना डोळेच येत नाहीत, डोळ्यांच्या जागी सपाट कातडी. त्यांच्या अर्कात ते प्रथिन असणं शक्य नाही. मग तिथे पट्टा उमटला तर समजायचं की अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटतेय. कुत्रा चोरावर भुंकतो की येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांवर, हे त्याला ओळखीच्या माणसासमोर बांधल्याशिवाय कळत नाही, असं ते म्हणत. आमच्या मॅडमना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, हा रकाना वाया गेल्यासारखा वाटे. त्या दिल्लीच्या, हुशार, घाईच्या, आणि टेक्निशियनशी थेट बोलणं त्यांच्या सवयीत नव्हतं. त्यांना काही सांगायचं तर नागोजण्णा मला सांगत, मी त्यांना.

मी रुजू झालो त्या पावसाळ्यात आमच्याकडे मोठी गडबड होती. नव्या अँटिबॉडीने दाखवलं होतं की डोळ्याचं हे प्रथिन माशाच्या मेंदूतही एका कोपऱ्यात असतं. हे कुणाला माहीत नव्हतं. मॅडमना पेपर लवकर धाडायचा होता, दुसरं कुणी आधी छापलं तर संपलं. शेवटची फिल्म नागोजण्णा काळोख्या खोलीत धूत होते. मी बाहेर वही घेऊन उभा, मॅडम त्यांच्या केबिनमधून फोनवर फोन करत होत्या. ते ओली फिल्म चिमट्यात धरून बाहेर आले, खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, "खालीत पण येतंय, सर. स्वल्प बघून घ्या."

मी पाहिलं. फिल्मच्या तळाशी, सगळ्या रकान्यांत, एक पुसट डाग होता. असे डाग येतात, प्रथिन तुटलं की त्याचे तुकडे खाली सरकतात. मी वहीत लिहिलं, खालच्या बाजूलाही पुसट पट्टा, बहुधा तुटलेला भाग. तारीख घातली, सही केली, आणि फिल्म घेऊन मॅडमकडे गेलो. नागोजण्णा माझ्या मागे दोन पावलं आले, काहीतरी म्हणाले, मत्ते करून, चार नळ्या करून. परत एकदा चालवू या म्हणत होते, हे मला नंतर उमगलं. मी हातानेच बरं बरं केलं. पेपरात छापलेल्या चित्रात तीनच रकाने होते. चौथा मॅडमनी कापला होता, चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून.

पेपर गेला. आयुधपूजा झाली. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी कॉफी घ्यायला उठलो तेव्हा नागोजण्णा म्हणाले, फ्लास्क खाली आहे, सर. मी वाकून टेबलाखाली बघितलं. तिथे कचऱ्याची बादली होती. मी दुसऱ्या टेबलाखाली बघितलं. नागोजण्णा आधी बघत राहिले, मग त्यांना हसू फुटलं, त्यांनी फ्लास्क शेल्फवरून उचलून उलटा धरला आणि त्यातून एकच थेंब पडला. त्यांच्या बोलीत, कन्नडमध्ये असतं तसं, खाली म्हणजे रिकामं. मीही हसलो. मग कप तिथेच ठेवून फाईलच्या कपाटाकडे गेलो.

मी फाईलमधून फिल्म काढली. चौथ्या रकान्यात, डोळे नसलेल्या माशांच्या रकान्यात, पट्टा होता. चांगला ठळक, बाकी तिघांइतकाच. खालीत पण येतंय. रिकाम्यात पण येतंय, म्हणजे ज्यात ते प्रथिनच नाही त्या नमुन्यातही. माणसाने दोन महिन्यांपूर्वी मला स्वच्छ सांगितलं होतं की ही अँटिबॉडी खोटं बोलते, आणि मी त्याच्या मराठीला नाक मुरडत आपल्याला सोयीचं ते लिहून घेतलं होतं. मला हिंदी येते. हिंदीत खाली म्हणजे काय हे मला तिसरीपासून माहीत आहे. आणि चौथा रकाना माझ्या डोळ्यांसमोर होता, डोळे माझेही होते. मला ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सांगता येत नाही, ह्याचीच मला शिसारी येते.

मी मॅडमकडे गेलो. एवढं तरी केलं. त्यांनी ऐकून घेतलं, वही मागितली, माझं वाक्य वाचलं आणि म्हणाल्या की तू लिहिलंस तेच दिसलं होतं, आता त्याला नवीन अर्थ लावू नको. पेपर स्वीकारला गेला होता. माझी त्यांच्या शिफारसपत्रावर दुसऱ्या गावची कायमची नोकरी ठरत आली होती, तिचा विषय त्यांनी त्याच बैठकीत काढला, अगदी गोड आवाजात. मी वही घेऊन बाहेर आलो. नागोजण्णांनी विचारलं, सांगिटलात काय सर. मी म्हणालो, सांगितलं. ते निश्चिंत झाले. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, आणि त्या विश्वासाचाही मला त्या दिवशी राग आला.

हिवाळ्यात परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांनी तीच अँटिबॉडी घेऊन बिनडोळ्यांच्या माशांवर लावून पाहिली होती, आणि तिथेही पट्टा येत होता. तुम्हीही असे मासे लावून पाहिले असतील तर तो रकाना दाखवाल का, असं त्यांनी सभ्य भाषेत विचारलं होतं. संस्थेत धावाधाव झाली. मॅडमनी खुलासा तयार केला. चौथ्या रकान्यात पट्टा आहे हे खरं, पण तो टेक्निशियनच्या हातून नळ्यांची अदलाबदल झाल्याने आला असणार, आणि त्याने ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही. बावीस वर्षांत ह्या माणसाने एक नळी चुकवली नव्हती. सोळा नळ्या हातात घेऊन तो डोळे मिटून कुठली कुठे ते सांगायचा. लोक आपल्या लेकरांच्या शपथा घेतात, नागोजण्णा आपल्या हाताची घेत. नेमक्या त्या हातावर मॅडमनी बोट ठेवलं.

चौकशी समिती बसली. प्रश्न एकच होता. रिकाम्या रकान्यात पट्टा आलाय हे नागोजण्णांनी त्याच दिवशी सांगितलं की नाही? सांगितलं असेल तर दोष अँटिबॉडीचा, आणि तो झाकणाऱ्यांचा. नसेल तर दोष त्यांच्या हाताचा. त्यांनी आधीच अर्ज दिला होता की परत चार नळ्या चालवू द्या, एक दिवस पुरे, सगळं दिसेल. त्या अर्जाला कुणी उत्तरसुद्धा दिलं नव्हतं.

समितीत तिघे होते. अध्यक्ष उत्तरेकडचे, एक बाई चेन्नईच्या, आणि तिसरे आमच्याच संस्थेतले, जवळच्या मंड्याकडचे कन्नडिग. नागोजण्णा पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. खिशात पानांची पुडी नव्हती. त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मी त्याच दिवशी सरांना सांगितलं, सर इथेच बसलेत. नेमकं काय सांगितलंस, अध्यक्षांनी विचारलं. ते खुर्चीत ताठ झाले आणि साक्षीला उभं राहावं तसं त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं, स्वल्प बघून घ्या इथपर्यंत.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, ते म्हणाले. मराठीत काय?

"मराठीत खाली म्हणजे बिलो," मी म्हणालो.

ह्यात खोटं काहीच नाही. कुठल्याही शब्दकोशात हा अर्थ सापडेल. हिंदीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये, त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ रिकामं असा होतो. एका मराठीतच त्याचा पहिला अर्थ वेगळा, आणि त्या खोलीत मराठीचा अधिकारी म्हणून मला बसवलं होतं. चेन्नईच्या बाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. नागोजण्णा पुढे वाकले आणि मलाच समजावत म्हणाले, "आमच्यात खाली म्हणजे खालीच की, सर." अध्यक्षांना हसू आलं. मंड्याचे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि पाणी न पिताच परत लावलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते जन्मभर हाच शब्द ह्याच अर्थाने वापरत आले होते, आणि अशा म्हैसूरकर मराठ्यांच्या शेजारात वाढले होते. त्यांनी तोंड उघडलं नाही, कारण त्यांना मॅडमच्या विभागात पुढच्या वर्षी जागा हवी होती.

बाईंनी मला विचारलं, ह्यांची मराठी आणि तुमची मराठी वेगळी आहे का? दार उघडलं होतं. एक वाक्य पुरे होतं. हो, वेगळी आहे, ह्यांच्या मराठीत ह्याचा अर्थ रिकामं होतो, चूक माझी झाली. वाक्य जिभेवर तयार होतं, हे मला नीट आठवतं. मला समोर बसलेल्या मॅडमची बोटं दिसत होती, त्या पेन शांतपणे फिरवत होत्या.

मी म्हणालो, "तीच आहे. जरा अशुद्ध आहे, एवढंच."

नागोजण्णांना इंग्रजी फारशी येत नसली तरी अशुद्ध हा शब्द मी मराठीतच उच्चारला होता, त्याला इंग्रजी मला सुचलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फिल्म उजेडात धरून बघायचे तसं बघितलं, आणि मग नजर काढून घेतली. अध्यक्षांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? ते इंग्रजीत म्हणाले, नो सर.

पेपर मागे घेतला गेला. मागे घेताना जे निवेदन छापलं त्यात नमुन्यांची सरमिसळ तांत्रिक कर्मचाऱ्याकडून झाली असं एक वाक्य आहे. नाव नाही, पण आमच्याकडे तांत्रिक कर्मचारी एकच होता. मार्चमध्ये कंत्राट वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी फ्रीजरमधल्या प्रत्येक पेटीवर नवी चिठ्ठी लावली, दुधाचा डबा घासून पालथा घातला, आणि मला पेट्यांची यादी समजावली. सगळी इंग्रजीत. बॉक्स वन सर, बॉक्स टू सर. मी मराठीत काही विचारलं की ते यस सर म्हणत. मला वाटलं, रागावलेत, निवळेल.

मला नोकरी मिळाली. शिफारसपत्र उत्तम होतं. बोगादीतली माझी भाड्याची खोली सोडण्याच्या आदल्या रविवारी मी मेटगळ्ळीला त्यांचं घर शोधत गेलो. जाताना रिक्षात मी वाक्य जुळवत होतो. चूक माझी होती, मी समितीला लेखी कळवतो, असं काहीतरी. ते कळवण्याची मला हिंमत होणार होती का, ते मला माहीत नाही. निदान तोंडाने म्हणून मोकळं व्हायचं होतं. मोकळं व्हायचं होतं, हेही माझ्याच सोयीचं.

घर कारखान्याच्या भिंतीला लागून, दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, कपडे वाळत घालता घालता ते बायकोशी काही तरी बोलत होते, मराठीत, भरभरून, मी तांदूळ निवडलो, मी पाणी तापवलो करत. गेल्या कितीतरी दिवसांत मी हा आवाज ऐकला नव्हता. मी दारात उभा राहून हाक मारली. आवाज थांबला. ते बाहेर आले, हात पुसले, आणि म्हणाले, "कम सर. सिट सर."

मी बसलो. मी मराठीत विचारलं, कसे आहात? ते म्हणाले, फाइन सर. मी म्हणालो, मला तुमच्याशी बोलायचंय. ते म्हणाले, टेल मी सर. माझं जुळवलेलं वाक्य मराठीतलं होतं. ते त्या इंग्रजीपुढे ठेवता येईना. मी काहीबाही बोललो, नवी नोकरी, सामानाचा ट्रक. ते प्रत्येक गोष्टीला गुड सर म्हणत होते.

तेवढ्यात त्यांची बायको आतून आली. कपाळावर मोठं कुंकू, हसरा चेहरा. तिला काहीच सांगितलेलं नसावं. मला बघून तिचा चेहरा फुलला. "पुण्यास्नं आलेले सर म्हणजे तुम्हीच काय?" ती म्हणाली. "रोज तुमचं नाव काढत होते बघा. आमच्यात बोलणारा एक आला करून लई खुष होते."

मी तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं. नागोजण्णांनी तिच्याकडे बघून, अगदी हळू, समजुतीच्या सुरात कन्नडमध्ये म्हटलं, "बिडु. अवरिगे नम्म मराठी अर्थ आगल्ल."

जाऊ दे. ह्यांना आपली मराठी कळत नाही. एवढं कन्नड वर्षभरात मी शिकलो होतो.

तिला आधी कळेना, ती आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिली. मग ओशाळून हसली, पदर सारखा केला, आणि परक्या पाहुण्याला विचारावं तसं तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत मला विचारलं, "काफी, सर?" नागोजण्णा उठून माझ्या बाजूचा पंखा लावत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी म्हणालो, यस, थँक यू.